कंप पावणाऱ्या रचना आणि आसन्न उत्तरे : सांत घटक पद्धतींचा तौलनिक विचार



आमच्या गणिताच्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत यंदाचे पुष्प गुंफण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. बडोद्यातील आपल्या या मराठी शाळेत नुसते 'सर' म्हटले की कोणाविषयी बोलणे चालले आहे, हे जुन्या विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. म्हणून मीही आज तेवढेच म्हणेन.

सरांची एक सवय आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. उत्तर बरोबर आले तरी ते पूर्ण गुण देत नसत. वहीच्या समासात लाल शाईने एकच शब्द लिहीत : 'पडताळा?' आणि वर म्हणत, "एका वाटेने आलास, आता दुसऱ्या वाटेने ये. दोन्ही वाटा एकाच दारी पोहोचल्या तर घर सापडले असे समज." माझा पुढचा सारा व्यवसाय या एका वाक्यावर चालला, आणि एकदा याच वाक्याच्या अपुऱ्या आकलनामुळे तो अडखळलाही. त्या दोन्ही गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. दुसऱ्या दिवशी सर वर्तमानपत्र घेऊनच वर्गात आले. धरणाला तडे गेल्याची चर्चा चालू होती. सरांनी फळ्यावर धरणाचा काटछेद काढला आणि विचारले, "हे एवढे धरण एकदा हलले, तर सेकंदाला किती वेळा हलेल? सांगता येईल का?" वर्ग गप्प राहिला. सरही क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मलाही येत नाही. पण कोणाला तरी यायलाच हवे." त्या 'कोणाला तरी'ने माझा पिच्छा पुरवला. 1890 साली महाराजा सयाजीरावांनी स्थापन केलेल्या कलाभवनाच्या परंपरेतील अभियांत्रिकी विद्याशाखेत मी शिकलो आणि पुढे कंप पावणाऱ्या रचनांचे गणित हाच माझा चरितार्थ झाला.

प्रश्न मुळातून समजून घेऊ. तानपुऱ्याची तार, पुलाचा तुळवा, यंत्राचा पाया, धरण, यांपैकी कोणतीही वस्तू धक्का देऊन सोडली की ती आपल्या ठरावीक गतीने हलू लागते. एका सेकंदात होणाऱ्या या आंदोलनांच्या संख्येस कंप्रता म्हणतात. वस्तू जितकी ताठर तितकी कंप्रता अधिक, जितकी जड तितकी कमी. बाहेरून येणारे धक्के नेमके याच लयीत येऊ लागले, तर झोपाळ्याला वेळेवर दिलेल्या झोक्यांप्रमाणे हालचाल वाढत जाते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. म्हणून रचनेची कंप्रता ती उभारण्यापूर्वीच कळणे हा विद्वत्तेचा विलास नव्हे, ती सुरक्षिततेची गरज आहे.

तारेसारख्या साध्या वस्तूची कंप्रता सूत्राने मिळते. पण वस्तूचा आकार थोडा जरी अवघड झाला, तरी सूत्र हात टेकते. 1787 साली क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून, कडेवरून गज फिरवून, वाळूच्या विलक्षण आकृत्या दाखविल्या. त्यांच्या मागील गणितासाठी पॅरिसच्या अकादमीने पारितोषिक ठेवले, आणि 1816 मध्ये ते सोफी जेर्मेन या विदुषीला मिळाले. तरीही मोकळ्या कडांच्या चौरस पत्र्याचे अंक हाती येत नव्हते. 1909 मध्ये वाल्टर रिट्झ याने वेगळी वाट धरली. खरा आकार ठाऊक नाही ना? मग ठाऊक असलेल्या सोप्या आकारांचे मिश्रण घ्यावे, आणि ऊर्जेच्या हिशेबाने त्यांतील प्रमाण ठरवावे. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, रिट्झ मरण पावला. लॉर्ड रॅले यांनी ऊर्जेचा हा विचार आपल्या ध्वनिविषयक ग्रंथात आधीच मांडलेला होता, म्हणून या मार्गाला दोघांचेही नाव जोडले जाते.

रिट्झची अडचण अशी की संपूर्ण रचनेला लागू पडेल असा आकार सुचावा लागतो. धरणाला किंवा विमानाच्या पंखाला तो कसा सुचावा? येथे सांत घटक पद्धती, म्हणजे आपल्या अभियंत्यांच्या तोंडची 'फायनाइट एलिमेंट मेथड', मदतीस आली. रचनेचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यापुरता अगदी सोपा आकार मानावा, आणि तुकडे सांध्यांवर जुळवून घ्यावेत. कूरांट या गणितज्ञाने 1943 मध्ये त्रिकोणी तुकड्यांची कल्पना मांडली होती. 1956 मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानरचनेच्या निमित्ताने तिला अभियांत्रिकीचे रूप दिले. 1960 मध्ये क्लफ यांनी तिचे आजचे नाव रूढ केले.

पण पद्धत एक असली तरी तिच्या पोटात अनेक पद्धती आहेत, आणि त्या एकच उत्तर देत नाहीत. त्यांची तुलना आपण एका तारेवरच करू. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन कागदावर ती अवश्य करून पाहावी.

तारेची लांबी 1, ताण 1 आणि एकूण वस्तुमान 1 माना. दोन्ही टोके घट्ट बांधलेली आहेत. अशा तारेच्या मूळ कंपनाचा कोनीय अंक अचूकपणे 'पाय', म्हणजे 3.1416 येतो, आणि त्याचा वर्ग 9.87. आता तारेचे दोन सरळ तुकडे करू. हलणारा बिंदू एकच, मधला. तो एक एककाने उचलला तर दोन्ही बाजूंचे ताण मिळून त्याला 4 एककांच्या बलाने मागे खेचतात. म्हणजे ताठरपणा झाला 4. आता प्रश्न वस्तुमानाचा.

पहिली रीत गठ्ठ्याची. प्रत्येक तुकड्याचे निम्मे वस्तुमान त्याच्या एका टोकाला आणि निम्मे दुसऱ्या टोकाला ठेवावे. मधल्या बिंदूवर अर्धे वस्तुमान आले. 4 भागिले अर्धा म्हणजे 8, त्याचे वर्गमूळ 2.83. खऱ्या उत्तराहून दहा टक्के कमी.

दुसरी रीत सुसंगत वस्तुमानाची, जी आर्चर यांनी 1963 मध्ये मांडली. ताठरपणा काढताना तुकड्याचा जो आकार मानला, तोच गतीसाठीही मानावा. मधला बिंदू वेगाने हलतो, टोके स्थिर आहेत, आणि मधल्या कणांचा वेग सरळ रेषेत कमी होत जातो. अशा गतीची ऊर्जा मोजली तर मध्यावर एक तृतीयांश वस्तुमान असल्यासारखे होते. 4 भागिले एक तृतीयांश म्हणजे 12, वर्गमूळ 3.46. खऱ्या उत्तराहून दहा टक्के जास्त.

एकाच तारेची, एकाच दिवशी, दोन सुशिक्षित रीतींनी काढलेली ही दोन उत्तरे. एक दहा टक्के खाली, दुसरे दहा टक्के वर. मात्र हा योगायोग नव्हे. सुसंगत रीतीत आपण तारेला एका ठरावीक आकारातच हलण्याची सक्ती केली. सक्ती झालेली वस्तू नेहमी थोडी ताठर भासते, म्हणून तुकड्यांची सलगता राखून बेरजा अचूक केल्या, तर हे उत्तर खऱ्याच्या खाली कधीच येत नाही. गठ्ठ्याच्या रीतीत जास्त हलणाऱ्या जागी वस्तुमान जास्त साठले, म्हणून तार मंद झाली. येथे मात्र वरच्यासारखी हमी नाही. ती बहुधा खाली राहते, एवढेच म्हणता येते.

तुकडे वाढवू. चार केले तर उत्तरे 3.06 आणि 3.22 येतात, चूक दोन्हीकडे सुमारे अडीच टक्के. आठ केले तर 3.121 आणि 3.162, चूक सुमारे 0.64 टक्के. तुकडे दुप्पट, चूक चौथाई. दोन्ही वाटा एकाच दाराकडे येत आहेत, एक खालून आणि एक वरून, आणि दार त्यांच्या मधे आहे. मग दोन्ही वस्तुमानांची सरासरीच घेतली तर? दोन तुकड्यांनाच 3.098 मिळते, चूक दीड टक्क्याच्या आत. चार तुकड्यांना 3.139, चूक एक दशांश टक्क्याहूनही कमी. एक रीत वर चुकते आणि दुसरी खाली, हे कळल्यावर त्या चुका एकमेकींविरुद्ध वापरता येतात.

तिसरी रीत तुकड्यांची संख्या न वाढवता आकार सुधारण्याची. संपूर्ण तार हा एकच तुकडा माना, पण त्याचा आकार सरळ रेषेऐवजी पॅराबोला घ्या. अज्ञात संख्या पूर्वीइतकीच, म्हणजे एक. हिशेब केला तर वर्ग येतो 10. त्याचे वर्गमूळ 3.162, चूक केवळ 0.66 टक्के. जे काम आठ सरळ तुकडे करतात, ते जवळजवळ तितक्याच अचूकतेने एक वक्र तुकडा करतो. आणि येथे एक गंमत पाहा. दहाचे वर्गमूळ ही ब्रह्मगुप्ताने वापरलेली 'पाय'ची किंमत आहे. आर्यभटाची 3.1416 ही किंमत त्याहून सूक्ष्म, तरीही तिला त्याने 'आसन्न' म्हटले. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या गणितज्ञाने आपले उत्तर जवळचे आहे, अंतिम नव्हे, हे उत्तराबरोबरच सांगून ठेवले. आजच्या संगणकाच्या पडद्यावर हा शब्द उमटत नाही. तो आपणच मनात उमटवावा लागतो.

चौथी रीत आणखी धीट आहे. तुकड्याचा आकार अदमासाने न घेता थेट कंपनाच्या समीकरणाचे अचूक उत्तरच घ्यायचे. मग एक तुकडाही पुरतो. पण किंमत अशी की शोधावयाची कंप्रता समीकरणाच्या आत, ज्या आणि कोज्या यांच्या पोटात, दडून बसते. साध्या बीजगणिताने ती निघत नाही, शोधावी लागते, आणि शोधताना एखादी निसटण्याची भीती असते. 1971 मध्ये विट्रिक आणि विल्यम्स यांनी एखाद्या अंकाच्या खाली नेमक्या किती कंप्रता आहेत हे मोजण्याची युक्ती दिली, तेव्हा ही रीत भरवशाची झाली. दांडे आणि तुळया यांच्या चौकटींना ती उत्तम. धरणासारख्या आडव्यातिडव्या घन आकाराला मात्र अचूक उत्तरच उपलब्ध नसते, म्हणून तेथे ती थांबते.

मग श्रेष्ठ कोणती? सरांच्या भाषेत सांगायचे तर हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी, हे आधी विचारले पाहिजे. मूळच्या चारदोन कंप्रता अचूक हव्या असतील, तर सुसंगत वस्तुमान आणि वक्र तुकडे घ्यावेत. मोटारींच्या टकरीसारखा प्रसंग असेल, जेथे सेकंदाच्या अत्यंत सूक्ष्म भागांनी लाखो पावले चालावी लागतात, तेथे गठ्ठ्याची रीतच उपयोगी पडते. कारण तिच्यात प्रत्येक बिंदूचे वस्तुमान स्वतंत्र असते, आणि दर पावलाला समीकरणांचा मोठा संच सोडवावा लागत नाही. आणि एक सावधगिरी सर्वच रीतींना लागू आहे. चार तुकड्यांच्या तारेला तीन कंप्रता मिळतात, पण तिसरीत सुसंगत रीत साडेएकोणीस टक्के वर आणि गठ्ठ्याची रीत साडेएकवीस टक्के खाली चुकते. संगणक छापतो ते सर्वच अंक वापरण्याजोगे नसतात. यादीच्या वरच्या टोकाचे अंक हे रचनेचे नसून आपल्या तुकड्यांचे असतात.

आता माझी स्वतःची गोष्ट. ऐंशीच्या दशकात एका कारखान्यातील यंत्राच्या पायाचे गणित माझ्याकडे होते. यंत्र मिनिटाला 1500 फेरे घेणारे, म्हणजे सेकंदाला 25. पायाची कंप्रता यापासून निदान वीस टक्के दूर असावी, असा दंडक. मी सरांचे वाक्य स्मरून दोन वाटांनी गेलो. सुसंगत रीतीने 33.1 आले, गठ्ठ्याच्या रीतीने 30.9. तुकडे दुप्पट केले, तेव्हा 32.3 आणि 31.7. दोन्ही वाटा 32 च्या दारी पोहोचत होत्या. मी निश्चिंत मनाने सही केली.

यंत्र सुरू झाल्यावर काही दिवसांनी तेथील एका पाळी-कामगाराने मला बाजूला घेतले. "साहेब, टेबलावर ठेवलेला चहाचा पेला आपोआप चालत कडेला येतो." उपकरणे आणण्यापूर्वीच त्या माणसाने निदान केले होते. यंत्र थांबवून, पायावर जड लाकडी मोगरीने ठोका देऊन मापन केले, तेव्हा कंप्रता निघाली 27 च्या आत. माझ्या दोन्ही रीती चोख होत्या. चुकीचे होते ते दोहोंच्या मुळाशी असलेले गृहीत. पायाखालची जमीन मी खडकासारखी अचल मानली होती, आणि ती होती भरावाची, स्प्रिंगसारखी दबणारी. जमिनीचा दबकेपणा हिशेबात घेताच गणितानेही तोच अंक दिला. पायाचा तळ रुंदावून दुरुस्ती झाली, परंतु कारखान्याचे सात आठवडे गेले, आणि माझी झोपही.

त्या दिवशी मला कळले की दोन वाटा एकाच दारी पोहोचल्या, तरी ते दार आपल्याच मनातल्या घराचे असू शकते. तुकडे वाढवीत गेल्याने आपण मानलेल्या प्रतिकृतीचे खरे उत्तर मिळते, जगाचे मिळेलच असे नाही. पडताळा उत्तराचा होतो, तपासणी गृहीताची करावी लागते, आणि ही दोन कामे निरनिराळी आहेत.

हे माझ्यासारख्या एकट्यादुकट्याचेच घडते असे नाही. लंडनमधील थेम्स नदीवरचा मिलेनियम पूल 10 जून 2000 रोजी खुला झाला, आणि माणसांच्या गर्दीने तो आडवा झुलू लागल्यामुळे दोनच दिवसांत बंद करावा लागला. चालणारी माणसे झुलत्या पुलाशी नकळत आपली पावले जुळवून घेतात आणि झोका वाढवतात, हा परिणाम संकल्पनाच्या हिशेबात पुरेसा धरलेला नव्हता. ऊर्जा शोषणारी उपकरणे बसवून 2002 मध्ये तो पुन्हा खुला झाला.

आणि शेवटी कोयना. सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे ग्रंथालयात सापडले. धरणाची उंची 103 मीटर. संकल्पन करताना भूकंपासाठी धरणाच्या वजनाच्या 5 टक्के इतके स्थिर आडवे बल धरले होते, आणि ते त्या काळच्या प्रघाताला धरूनच होते. धरणातच बसविलेल्या यंत्राने प्रत्यक्ष भूकंपाची जी नोंद केली, तिच्यात धरणाच्या आडव्या दिशेने गुरुत्वाच्या जवळजवळ निम्मे त्वरण दिसले. 1973 मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथील अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी ही नोंद घेऊन सांत घटक पद्धतीने धरणाचे गणित प्रसिद्ध केले. धरणाच्या काटछेदाची मूळ कंप्रता आली सेकंदाला सुमारे 3. सर, हे ते उत्तर.

पण त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. गणिताने सर्वांत मोठा ताण दाखविला तो वरून सुमारे 36 मीटर खाली, जेथे धरणाच्या पाठीकडील उतार एकाएकी बदलतो. तो ताण काँक्रीटच्या सहनशक्तीपलीकडचा होता. आणि प्रत्यक्ष तडे गेले होते त्याच पातळीच्या आसपास. येथे प्रतिकृती आणि जग एकाच दारी पोहोचले. स्थिर बलाच्या जुन्या हिशेबात हा धोका दिसतच नव्हता, कारण त्यात धरण हलत नव्हते, नुसते ढकलले जात होते. धरण उभे राहिले, पुढे उंच भागांना पाठीकडून आधारभिंती देऊन ते बळकट केले गेले. आज जगात कोठेही काँक्रीटच्या धरणासाठी नवी पद्धत निघाली की तिची कसोटी बहुधा कोयनेवर लावली जाते. साध्या रेषीय गणिताला तडा कोठे सुरू होईल हे सांगता येते, तो पुढे कसा सरकेल हे सांगण्यासाठी क्षणाक्षणाने चालणाऱ्या वेगळ्या रीती लागतात, आणि त्या रीतींची आपसांतली तुलनाही त्याच धरणाच्या काटछेदावर चालते. महाराष्ट्राच्या एका दुःखद पहाटेतून साऱ्या जगाला एक समान पाटी मिळाली.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्यापुढे जे संगणक आहेत, ते लाखो तुकड्यांचे उत्तर चहा थंड होण्यापूर्वी देतात, तेही रंगीत चित्रांसह. आमच्या काळी उत्तर मिळण्यास विलंब लागे, आणि त्या विलंबात शंका घेण्यास सवड मिळे. तुम्हाला ती सवड मुद्दाम काढावी लागेल. तुकडे दुप्पट करून पाहा. दुसऱ्या रीतीने करून पाहा. एक साधे, हाताने सोडवता येणारे उदाहरण त्याच यंत्रणेतून काढून पाहा. आणि हे सर्व जुळल्यावर, जेथे रचना उभी आहे तेथे जाऊन पायाखालच्या जमिनीकडे पाहा, आणि तेथे रोज काम करणाऱ्या माणसाला विचारा की त्याचा चहाचा पेला कोठे राहतो.

सरांनी समासात लिहिलेल्या त्या शब्दापुढे नेहमी प्रश्नचिन्ह असे. तेव्हा मला वाटे की मी पडताळा केला नाही म्हणून ते आहे. आज वाटते की पडताळा केल्यानंतरही ते चिन्ह पुसायचे नसते, हे त्यांना सांगावयाचे असावे. एवढे शिकण्यास मला पन्नास वर्षे लागली.